तोंडातली जखम, गळ्यातली गाठ आणि वाया गेलेले महिने: आपल्या सीमाभागात निदानाला उशीर का होतो?

मलप्रभाकाठ (खानापूर तालुका)

कॅन्सरच्या पेशंटच्या घरी भेटायला गेलं की दोन वाक्यं हमखास कानावर पडतात. एक, "उशीर झाला हो कळायला." दुसरं, "तंबाखू खायचे ना, मग काय." या दोन वाक्यांच्या मधे जे महिने गेलेले असतात त्यांची चौकशी कुणी करत नाही. हा धागा त्या महिन्यांसाठी काढलाय.

माझं म्हणणं आधीच सांगते. आपल्या भागात तोंडाचा किंवा घशाचा कॅन्सर झालेला माणूस डॉक्टरकडे जातच नाही, हे खरं नाही. जातो. गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो, दातांच्या डॉक्टरकडे जातो, बाजाराच्या दिवशी तालुक्याला गेला की तिथंही दाखवून येतो. प्रत्येकजण औषध बदलून देतो, पण जखमेचा तुकडा काढून तपासायला कुणी पाठवत नाही. पेशंटला वाटतं इलाज चाललाय. प्रत्यक्षात अजून निदानच झालेलं नसतं.

भारतातल्या पुरुषांत सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर तोंडाचा आहे. तो पोटात किंवा फुफ्फुसात दडून बसत नाही. आ केलं, बॅटरी मारली की बहुतेक वेळा दिसतो. तरीही आपल्याकडे निम्म्याहून जास्त पेशंट तिसऱ्या-चौथ्या टप्प्यावर मोठ्या दवाखान्यात पोचतात. याचा मला फार संताप येतो.

आमच्या तात्यांचं, म्हणजे माझ्या धाकट्या चुलत्यांचं सांगते. गणपतीच्या सुमारास त्यांची खालची दाढ हलायला लागली. काढली. दाढ काढल्यावर खड्डा भरून यायला हवा होता, तो भरेना. उलट आतून लालसर मांस वर आलं. "शुगर असेल, म्हणून भरत नाही," असं सांगून गोळ्या दिल्या. शुगर तपासली तर जेमतेम काठावर. मग बी-कॉम्प्लेक्स, मग लावायचं जेल, मग गुळण्यांचं औषध. दिवाळीत त्याच बाजूचा कान ठणकायला लागला, तर कानात थेंब. कान तपासला तेव्हा पडदा स्वच्छ होता. पडदा स्वच्छ आहे तर कान दुखतोय कशामुळं, हा प्रश्न त्या दिवशी तिथंच संपला.

पुढं जबड्याला सूज आली तेव्हा एका ठिकाणी तुकडा काढला. रिपोर्टमध्ये लिहिलं होतं की सूज आहे, कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत. काकूंनी सौंदत्तीला जाऊन यल्लम्माची ओटी भरली. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि पुन्हा महिने गेले. संक्रांतीनंतर खालचा ओठ एका बाजूला बधिर झाला. चहा पिताना ओघळ हनुवटीवर यायचा आणि तात्यांना कळायचंसुद्धा नाही. तेव्हा बेळगावात दुसऱ्या डॉक्टरांनी बोट घालून हिरडी चाचपली, जुना रिपोर्ट बाजूला ठेवला आणि खोलवरचा तुकडा पुन्हा घेतला. कॅन्सरच होता, आणि तो हाडात उतरला होता.

अर्धा जबडा काढावा लागला, नंतर शेक म्हणजे रेडिएशन घ्यावं लागलं. तात्या आज आहेत. मऊ भात, पेज, आमटी कालवून खातात. पण हलणारी दाढ, न भरणारा खड्डा, दुखणारा कान, बधिर ओठ, सगळं ओळीनं समोर येत होतं. ते एकत्र करून बघणारं कुणी नव्हतं.

तुमच्याकडे वेळ कुठं गेला ते लिहा. दवाखान्यांची, डॉक्टरांची नावं मात्र घालू नका. मला भांडण नको, उशीर कुठं होतो ते समजून घ्यायचंय.

गोवावेस

आमच्या आईच्या गालाच्या आत पांढरा चट्टा होता. ती पान खायची, त्यामुळं सगळे म्हणायचे चुन्यानं भाजलंय. पान सोडल्यावरही चट्टा गेला नाही तेव्हा बहिणीनं हट्टानं डेंटल कॉलेजला नेलं. सुदैवानं कॅन्सर झालेला नव्हता, पण पेशी बदलायला लागल्या होत्या. चट्टा काढून टाकला, आता दर काही महिन्यांनी दाखवायला जातो. लिहिण्याचं कारण एवढंच, की वेळेवर दाखवलं तर गोष्ट इतक्या साध्यावर निभावते हेही लोकांना कळू दे.

निपाणीचा_दंतवैद्य

मलप्रभाकाठताई, तात्यांची गोष्ट वाचली. हे चित्र मी निपाणीत वारंवार बघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हिरडीचा कॅन्सर दात हलवतो. पन्नाशीच्या माणसाची बाकीची बत्तिशी घट्ट आहे आणि एकच दाढ अचानक हलायला लागली, तर ती नुसती उपटून चालत नाही. आधी एक्स-रे काढायचा. हाड वाळवीनं खाल्ल्यासारखं, वेडंवाकडं झिजलेलं दिसलं तर दाढेला हात न लावता आधी तुकडा तपासायचा. दाढ काढून झाली असेल आणि दोन-तीन आठवड्यांनीही खड्डा भरत नसेल, वर मांस येत असेल, तर पेशंटला त्याच खुर्चीवर परत बसवून तुकडा घ्यायचा.

आता तपासणी कशी असते ते सांगतो, म्हणजे तुमची तपासणी नीट झाली की नाही ते तुम्हालाच कळेल. खोटे दात असतील तर काढायला लावतात. दोन्ही गाल आतून बाजूला ओढून बघतात. जीभ गॉजच्या तुकड्यात धरून बाहेर ओढतात, आधी डावीकडे, मग उजवीकडे, कारण जिभेची मागची कड नुसतं आ करून दिसत नाही. मग जीभ टाळूला लावायला सांगून तिच्याखालची जागा बघतात. त्यानंतर हातमोजा घालून बोटानं चाचपतात. हे बोट सगळ्यात महत्त्वाचं. साधं तोंड आलेलं असेल तर जागा मऊ लागते आणि हात लावला की पेशंट ओरडतो. कॅन्सरची जखम कडक लागते, तिची कड उचललेली असते, हात लावला की रक्त येतं, आणि सुरुवातीला ती दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस निवांत राहतो, घात तिथं होतो. शेवटी जबड्याखाली आणि मानेच्या दोन्ही बाजूंना हात फिरवून गाठी बघतात. सगळं मिळून पाच मिनिटंही लागत नाहीत. कुणी लांबूनच बॅटरी मारून जेल लिहून दिलं तर तपासणी झाली असं समजू नका.

आणखी एक. सुपारी खाणाऱ्या पोरांचं तोंड हळूहळू मिटत जातं. स्वतःची तीन बोटं एकावर एक ठेवून तोंडात उभी घालून बघा. बहुतेक मोठ्या माणसांना सहज जमतं. दोनच जात असतील, तिखट लागताच तोंडाची आग होत असेल, गालाच्या आत दोरीसारखे पट्टे लागत असतील, तर लगेच दाखवा. कॅन्सर होण्याआधीची ही पायरी आहे. नुसत्या सुपारीनंही हे होतं, तंबाखू असायलाच पाहिजे असं नाही. सुपारी कॅन्सरकारक असल्याचं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००४ सालीच जाहीर केलंय. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ ला आणि कर्नाटकात २०१३ ला बंदी आली. पण पानमसाल्याची एक पुडी आणि जर्द्याची एक पुडी घेऊन हातावर मिसळणारी पोरं बस स्टँडवर रोज दिसतात.

कडोलीकर

सगळं पटतं. पण एक प्रश्न, कारण आमच्या गावात हेच कारण सांगून लोक थांबतात. तुकडा काढला, सुरी लागली, की कॅन्सर पसरतो म्हणतात. आमच्या भावकीतल्या एकांचा बायोप्सीनंतर दोन महिन्यांतच आजार वाढला. मग लोकांनी विश्वास का ठेवावा? गावात एक झाडपाल्याचं औषध देणारे आहेत, ते म्हणतात सुरी लावू नका, मी बरा करतो.

सूक्ष्मदर्शी

कडोलीकरदादा, मी पॅथॉलॉजीत काम करते, म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासते. हा प्रश्न रोज ऐकते, आणि विचारणाऱ्याची भीती खरी असते, म्हणून नीट उत्तर देते.

तोंडातल्या जखमेचा तुकडा काढल्यानं कॅन्सर पसरत नाही. तुमच्या भावकीतल्यांचा आजार बायोप्सीच्या आधीच वाढत होता. बायोप्सी बहुतेकांची उशिरा होते, आजार जोरात असतो तेव्हाच होते, त्यामुळं वाढ डोळ्यांना त्यानंतर दिसते आणि दोष सुरीवर येतो. बायोप्सी होऊन पुढचे उपचार दोन-तीन महिने सुरूच झाले नाहीत, तर आजार वाढणारच. तेवढ्यात कुणी झाडपाला दिला तर त्या काळात पेशंटला बरं वाटल्यासारखंही होतं, कारण वर साचलेला जंतुसंसर्ग कमी झालेला असतो. खालची गाठ तशीच असते.

आता मलप्रभाकाठताईंच्या पहिल्या रिपोर्टबद्दल. कॅन्सर दिसत नाही असा रिपोर्ट आला याचा अर्थ त्या तुकड्यात दिसला नाही, एवढाच असतो. तुकडा वरवरचा असेल, किंवा जखमेच्या मधोमध कुजलेल्या भागातून घेतला असेल, तर आम्हाला फक्त मेलेल्या पेशी आणि सूज दिसते. तुकडा जखमेच्या कडेवरून, शेजारचा थोडा चांगला भाग धरून, आणि पुरेसा खोल हवा. फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा फुलून येणारा एक हळू वाढणारा प्रकार असतो. त्याचा वरचा पापुद्रा कितीही वेळा बघितला तरी निरुपद्रवी वाटतो, निदान त्याच्या तळाशी असतं. म्हणून डोळ्यांना आणि बोटाला जे जाणवतंय ते आणि रिपोर्ट जुळत नसतील, तर पुन्हा तुकडा घ्यायचा. चांगले सर्जन आम्हाला फोन करतात, "मला ही कॅन्सरच वाटते, परत बघा." असा फोन आला की मला बरं वाटतं.

आमच्या बाजूनंही चुका होतात. तुकड्यासोबत येणाऱ्या कागदावर कधी नुसतं "तोंडातली जखम" एवढंच लिहिलेलं असतं. किती दिवसांची, नेमकी कुठं, तंबाखू आहे का, काहीच नाही. त्यावर आम्ही सांभाळून गुळमुळीत भाषेत रिपोर्ट देतो आणि पेशंट तो वाचून घरी जातो.

एक काम सगळ्यांनी करा. रिपोर्टचा कागद मिळाला की स्लाइड आणि मेणाचा ब्लॉकही मागून घ्या. ब्लॉक म्हणजे तुमचा तुकडा ज्या मेणाच्या वडीत ठेवलेला असतो तो. मुंबईला टाटाला किंवा दुसऱ्या मोठ्या सेंटरला गेलात तर तिथले पॅथॉलॉजिस्ट स्वतः बघतात, आणि नुसता कागद नेला तर परत पाठवणी होते. ब्लॉक उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, मेण वितळतं.

विडीकामगाराची_लेक

निपाणीजवळच्या गावातली आहे मी. आमच्याकडे बायकांच्या मशेरीबद्दल कुणी बोलतच नाही. तंबाखू खाणारा म्हटलं की पुरुषच डोळ्यांसमोर येतो. आई, मावशी, शेजारची आक्का, सगळ्यांच्या सकाळची सुरुवात मशेरी नाहीतर तपकीर हिरडीला लावून व्हायची. दात स्वच्छ होतात, पोट साफ होतं असं म्हणायच्या. दवाखान्यात "तंबाखू खाता का?" असं विचारलं की आई "नाही" म्हणायची. खोटं बोलत नव्हती, तिच्या लेखी मशेरी म्हणजे तंबाखू नव्हतंच. डॉक्टरांनी "मशेरी लावता का, तपकीर लावता का?" असं एकदा विचारलं असतं तर आईनं लगेच होय म्हटलं असतं.

आणि बाईचं दुखणं घरात शेवटी येतं. आईच्या हिरडीवरची जखम घरातल्या दोन लग्नांच्या मधे मुरली. नंतर विडी कारखान्याचं पान-तंबाखू घ्यायचा वार आणि दवाखान्याचा वार एकच यायचा, तो चुकवला तर आठवड्याची मजुरी जायची. मला कुणावर रागवायचं नाही, पण हेही उशिराच्या हिशोबात धरा.

आशाताईंचा फॉर्म माहीत आहे का कुणाला? ३० वर्षांवरच्या सगळ्यांचा भरतात. त्यात सरळ प्रश्न आहेत, तोंडात दोन आठवड्यांत न भरलेली जखम आहे का, पांढरा-लाल चट्टा आहे का, तोंड उघडायला त्रास होतो का, आवाज बदललाय का. आमच्या गावात बऱ्याच जणींचा फॉर्म दारात उभ्या-उभ्या "नाही, नाही, नाही" लिहून भरला गेला. सासूसमोर कोण "होय" म्हणणार? हा फॉर्म बसून, एकटीला विचारून भरायला पाहिजे.

मलप्रभाकाठ

विडीकामगाराची लेक, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मशेरीचा प्रश्न प्रत्येक केसपेपरवर छापील पाहिजे. मी आमच्या आरोग्य केंद्रात लेखी देणार आहे.

पीएचसीवरचा

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात एमबीबीएस डॉक्टर आहे. इथं डॉक्टरांनी हे केलं नाही, ते केलं नाही असं वाचतोय, तर आमची बाजूही ऐका.

सकाळच्या ओपीडीत ताप, खोकला, कुत्रं चावलेलं, बीपीच्या गोळ्या, गरोदर बायका, सगळं एकत्र येतं. तोंड आलं म्हणून येणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांचं तोंड आठवड्याभरात आपोआप बरं होतं. प्रत्येकाला बेळगावला पाठवलं तर तेही चुकीचं. मी पाठवलेले कित्येकजण जातच नाहीत. हंगाम असतो, ऊसतोड असते, बसभाडं असतं. महिन्यानं परत माझ्याकडेच येतात आणि "ते राहू द्या साहेब, गोळी द्या" म्हणतात.

तरीही मलप्रभाकाठताईंचा मूळ मुद्दा बरोबर आहे. मी आता काय करतो ते सांगतो. तोंडाच्या जखमेला पहिल्यांदा औषध देताना केसपेपरवर एक तारीख घालतो आणि पेशंटला ती तोंडानं सांगतो, शक्यतो सणाच्या किंवा बाजाराच्या हिशोबानं. "दसऱ्यापर्यंत भरलं नाही तर परत गोळी मिळणार नाही, चिठ्ठी मिळेल." दोन आठवडे, फार तर तीन. त्यापुढं त्याच जखमेला दुसरं औषध लिहायचं नाही. टोकदार दात लागत असेल तर तो घासून घ्यायचा आणि तेवढेच दिवस थांबायचं. चिठ्ठीवर "तोंड आलंय" असं न लिहिता "कॅन्सरची शंका, बायोप्सी करावी" असं स्पष्ट लिहितो, कारण समोरच्या गर्दीत ती चिठ्ठी पुढं सरकते.

तोंड बघायला मोठा डॉक्टर लागतोच असंही नाही. केरळात तिरुवनंतपुरम भागात प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन लोकांची तोंडं तपासली. २००५ साली त्याचे निकाल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. तंबाखू किंवा दारू घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशानं कमी झाले होते. आपल्या आशाताई आणि नर्सबाई हे करू शकतात. त्यांना चांगली बॅटरी, आरसा आणि नीट प्रशिक्षण द्या.

ईएनटीवाला

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर. तोंडाबद्दल बरंच आलं, मी घसा आणि मानेबद्दल लिहितो. तिथला उशीर जास्त फसवा असतो, कारण बाहेरून काही दिसत नाही.

मानेतली गाठ. आपल्याकडे टीबी भरपूर, त्यामुळं मानेत गाठ दिसली की टीबीच्या गोळ्या. तरुण पोरांत हा अंदाज पुष्कळदा बरोबरही येतो. पण चाळिशी ओलांडलेल्या, तंबाखू खाणाऱ्या, विडी ओढणाऱ्या माणसाची न दुखणारी, कडक गाठ सुईनं तपासल्याशिवाय टीबीचा कोर्स सुरू करणं धोक्याचं आहे. सहा महिने गोळ्या खाऊन पेशंट येतो तेव्हा गाठ मुठीएवढी झालेली असते, आणि मूळ आजार जिभेच्या मुळाशी किंवा अन्ननलिकेच्या तोंडाशी सापडतो. दुसरी चूक याच्या उलटी. गाठ दिसली म्हणून कुणीतरी भूल देऊन ती थेट कापून काढतो, घसा न बघताच. मग मूळ जागा शोधायची राहते आणि मानेचं पुढचं ऑपरेशन अवघड होऊन बसतं. क्रम असा हवा: आधी तोंड, घसा, नाकाचा मागचा भाग नीट बघणं, मग गाठीला सुई.

आवाज. तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज दुर्बिणीनं बघितलाच पाहिजे. ॲसिडिटीच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेऊन चालणार नाही. स्वरयंत्राच्या पट्टीवरचा कॅन्सर पहिल्या टप्प्यात पकडला तर ९० टक्क्यांच्या आसपास पेशंट बरे होतात, तेही बहुतेकदा आवाज राखून. उशीर झाला तर अख्खं स्वरयंत्र काढायची वेळ येते. एकाच आजारात एवढा फरक पडतो, आणि म्हणूनच मला बसलेल्या आवाजाची सगळ्यात जास्त काळजी वाटते.

कान. तात्यांचं जे झालं ते पुस्तकातलं उदाहरण आहे. जीभ, हिरडी, टॉन्सिल, घसा यांच्याकडे जाणाऱ्या नसांच्या फांद्या कानालाही जातात. दुखणं खाली असतं, कळ कानात येते. कान चांगला दिसतोय आणि तरी दुखतोय, तर तोंड आणि घसा बघणं भाग आहे. तसंच मोठ्या माणसाच्या एकाच कानात पाणी साठून दडे बसले तर नाकाच्या मागं बघायचं. एकाच नाकपुडीतून वारंवार रक्त, गालाला बधिरपणा, वरचे दात हलणं, ही सायनसच्या कॅन्सरची लक्षणं असू शकतात, आणि लोक वर्षभर सर्दीची औषधं घेत राहतात.

उगार_खुर्द

पैशाचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. आम्ही कागवाडच्या बाजूचे, आम्हाला मिरज जवळ, बेळगाव लांब. नातेवाईक सगळे सांगली-कोल्हापुरात. आजार झाला की पहिला प्रश्न, कार्ड कुठं चालणार? कर्नाटकचं आयुष्मान-आरोग्य कर्नाटक कार्ड बीपीएल कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देतं, पण मोठ्या उपचारांना सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लागते. महाराष्ट्रानं २०२३ साली आपली महात्मा फुले आरोग्य योजना कर्नाटकातल्या सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचं ठरवलं, त्यावरून दोन्ही सरकारांत वाजलं. आमच्या चुलतभावाचे कितीतरी दिवस या कागदावरून त्या कागदावर गेले. कुणाचं बरोबर ते राजकारण्यांनी ठरवावं, गाठ त्यांच्यासाठी थांबत नाही.

मलप्रभाकाठ

उगार खुर्द दादा, अगदी खरं. मला एवढंच जोडायचंय की कार्डाचा घोळ उपचाराला लागतो, निदानाला लागू देऊ नका. तुकडा तपासायला फार पैसे लागत नाहीत. बेळगावात सिव्हिल म्हणजे बिम्स आहे, केएलईचं आणि मराठा मंडळाचं डेंटल कॉलेज आहे. डेंटल कॉलेजला तोंडाच्या आजारांचा वेगळा विभाग असतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं, लोकांना वाटतं तिथं फक्त दात काढतात. हातात रिपोर्ट आल्यावर कुठं जायचं ते ठरवा. केएलईचं कर्करोग रुग्णालय बेळगावातच झालंय, जानेवारी २०२५ ला राष्ट्रपतींच्या हस्ते उद्घाटन झालं. हुबळीला नवनगरचं कॅन्सर हॉस्पिटल आहे, मिरज-कोल्हापूर आहे, राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं रात्रीत बेंगळुरूला किडवाई कॅन्सर हॉस्पिटलला जाता येतं, मुंबईला टाटा आहे. रिपोर्टशिवाय मुंबईला धाव घेतली तरी पहिले दिवस याच तपासण्यांत जातात.

निपाणीचा_दंतवैद्य

तंबाखू सोडायची असेल त्यांच्यासाठी सरकारी मोफत फोन आहे, १८०० ११२ ३५६. आणि शेक सुरू व्हायच्या आधी किडलेल्या दातांचा निकाल लावून घ्या. शेक घेतलेल्या जबड्यातला दात नंतर काढला तर हाड भरून न येण्याचा धोका असतो.

नंदगडचा

हा धागा वाचून विचारतोय. आमच्या मामांचा आवाज आषाढापासून घोगरा झालाय. वय ५८, विडी ओढतात. भजनाला जातात म्हणून सगळे म्हणतात गळा बसलाय. दुखत काही नाही, जेवण व्यवस्थित आहे. आधी मधाचं चाटण, मग ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या. मामा म्हणतात काही नाही झालं, उगीच दुर्बीण-बिर्बीण नको, नळी घालतील घशात. त्यांना कसं समजावू? आणि खरंच घाई आहे का?

ईएनटीवाला

घाई आहे. घाबरायचं कारण नाही, पण याच आठवड्यात न्या. विडी ओढणाऱ्या माणसाचा आवाज इतके दिवस बसलेला असेल तर बघितल्याशिवाय कुणीही काही सांगू नये, मीसुद्धा सांगणार नाही. साधी सूज किंवा गुठळी निघण्याचीही पुरेपूर शक्यता आहे. भजनी माणसाला मी सांगतो, "गाणाऱ्याची पट्टी आहे, ती नीट राहावी म्हणून बघायचंय." बहुतेकजण ऐकतात.

दुर्बीण म्हणजे नाकातून जाणारी बारीक, लवचिक नळी. आधी बधिर करायचा फवारा मारतात. पाच मिनिटांचं काम, भूल नाही, ॲडमिट व्हायचं नाही. मामांना समोरच्या पडद्यावर स्वतःचा घसा दिसेल.

नंदगडचा

मामा तयार झाले. भजनातले त्यांचे एक सोबती यायला तयार आहेत, तेव्हा होय म्हणाले. शुक्रवारी बेळगावला नेतोय. उपाशीपोटी जायचं का? त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, ती बंद करायची का?

ईएनटीवाला

पूर्ण उपास नको, सकाळी हलकं खाऊन निघू द्या, पोट तुडुंब नको. गोळी स्वतःहून बंद करू नका, हृदयाच्या डॉक्टरांनी दिलेली असणार. नुसतं बघायला ती आड येत नाही, तुकडा घ्यायचा ठरला तर तिथले डॉक्टर किती दिवस थांबवायची ते सांगतील. गोळ्यांची पाकिटंच पिशवीत टाकून न्या, नावं आठवत बसू नका. फवाऱ्यानं घसा बधिर असतो, त्यामुळं तपासणीनंतर तासभर काही खाऊ-पिऊ देऊ नका, ठसका लागतो. आणि तिथून निघताना काय दिसलं ते कागदावर लिहून घ्या, फोटो काढला असेल तर त्याची प्रतही मागा.